प्रश्न गावाचा, शोध कोणाचा?



आजच्या विषयाचं नाव जड आहे. उपेक्षित आजारांवरच्या संशोधनात देशोदेशींची न्याय्य भागीदारी. असला विषय दिल्लीत शोभावा, जिनिव्हात शोभावा. चंद्रपुरात कशाला, असं कोणाच्या मनात आलं असेल तर त्यात वावगं काही नाही. पण या संशोधनाला लागणारा कच्चा माल आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतून जातो. शब्द कठोर आहे, पण दुसरा सुचत नाही. रक्ताचे नमुने इथले, सर्पदंशाचे रुग्ण इथले, मलेरियाच्या काचपट्ट्या इथल्या. तेंदूपत्ता, बांबू आणि कोळसा इथून बाहेर गेला तेव्हा भाव कोणी ठरवला, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मग रक्त आणि आकडे बाहेर जाताना तोच प्रश्न विचारला तर बिघडलं कुठे?

आधी उपेक्षित म्हणजे काय ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेची एक यादी आहे. तीत कुष्ठरोग आहे, हत्तीरोग आहे आणि २०१७ पासून सर्पदंशही आहे. तिन्ही आपल्या ओळखीचे. मलेरिया आणि सिकलसेल त्या यादीत नाहीत, पण भामरागड-एटापल्लीच्या माणसाला त्याने फरक पडत नाही. केंद्र सरकारने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आदिवासी आरोग्यविषयक समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. देशाच्या लोकसंख्येत आदिवासी ८.६ टक्के, पण मलेरियाच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे निम्मे त्यांच्यातले, असं त्या अहवालात म्हटलं आहे.

आणि काही दुखणी अशी, की ती कोणत्याच यादीत नाहीत. रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून धरलेली कंबर, किंवा बाईच्या अंगावरून पांढरं जाणं. उपेक्षितांच्या यादीतूनही जे सुटलं, त्याला काय म्हणायचं?

पैशांचं पाहावं तर १९९० मध्ये एका आंतरराष्ट्रीय आयोगाने हिशेब मांडला होता. जगभर आरोग्य-संशोधनावर होणाऱ्या खर्चाचा जेमतेम विसावा हिस्सा गरीब देशांच्या दुखण्यांवर जात होता, आणि टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा बहुतेक सगळा भार त्याच देशांवर होता. तेव्हापासून भागीदारी हा शब्द प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्या पानावर छापला जातो. छापायला काही लागत नाही. भागीदारी खरी की नावापुरती, हे ओळखायला चार प्रश्न पुरतात. प्रश्न कोणी ठरवला? काम कोणाच्या हातांनी झालं? होकार कोणाकडून घेतला? आणि हाती लागलं ते कोणाकडे राहिलं?

पहिला प्रश्न. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९८६ पासून गडचिरोलीत राहिले. त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेने सुरुवातीच्या काळात सिकलसेलचा अभ्यास केला. आजार इथे मोठ्या प्रमाणावर आहे हे सिद्ध झालं. शास्त्रीयदृष्ट्या काम चोख होतं. पण ज्यांच्यासाठी केलं, त्या लोकांनी त्यात फारसा रस घेतला नाही. ती निकड लोकांची नव्हती, संशोधकांची होती. हे बंग यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे, म्हणून इथे उल्लेख करायला संकोच नाही. त्यानंतर त्यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी लोकांना विचारायचं.

विचारल्यावर काय कळतं, ते पाहा. दवाखान्यात का येत नाही, असं आदिवासींना विचारलं, तर उत्तर आलं की तुमचे डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात. आमच्यात पांढरं कापड प्रेतावर घालतात. शिवाय रोग्यासोबत आलेल्या माणसांनी राहायचं कुठे? मग चातगावजवळच्या शोधग्राम या सर्चच्या परिसरातला दवाखाना झोपड्यांच्या रूपात उभा राहिला आणि त्याला नाव मिळालं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

बायकांचंही तसंच. पाळणा लांबवा, कुटुंब लहान ठेवा, हे सांगायला सरकार होतं, परदेशी संस्था होत्या. जगाला त्यांच्या गर्भाशयाची चिंता लोकसंख्येपुरती होती. त्यांना काय होतंय, हे गावपातळीवर नीट मोजलंच गेलं नव्हतं. राणीताईंच्या नेतृत्वाखाली दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली आणि १४ जानेवारी १९८९ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. एकेकीला सरासरी ३.६ आजार. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या किती? फक्त ८ टक्के. १९९४ मध्ये कैरोच्या लोकसंख्या परिषदेत जगाने कुटुंबनियोजनाकडून प्रजनन-आरोग्याकडे मोहरा वळवला. तो वळण्यामागे ज्या अभ्यासांचं बळ होतं, त्यांत हा गडचिरोलीचा अभ्यास होता. प्रश्न गावातून निघाला होता आणि लंडनचं नियतकालिक नंतर आलं. हा क्रम महत्त्वाचा आहे.

इथे एक गैरसमज टाळू या. परदेशी हात लागला म्हणजे काम बाटलं, असं मुळीच नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांच्यासोबत सुरुवातीच्या इमारती उभारायला परदेशी स्वयंसेवकांनी घाम गाळला होता. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात १९७३ ची. तिथला छोटा दवाखाना १९७५ मध्ये उभा राहिला तो स्विस मदतीतून. आणि सर्चच्या संशोधनामागे फोर्ड, मॅकआर्थर यांसारख्या अमेरिकी प्रतिष्ठानांचा पैसा होता. पैसा कुठून आला यापेक्षा, तो आला तेव्हा गावाचा प्रश्न ठरलेला होता की नाही, हे आधी बघावं.

आता दुसरा प्रश्न, हातांचा. लहान मुलांचा न्यूमोनिया घ्या. गावात त्याला डब्बा म्हणतात, लहाक म्हणतात. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे मिनिटाला किती श्वास. पण ज्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नाही, जिच्या मनगटावर घड्याळ नाही, तिने ओळखायचा कसा? गडचिरोलीत यावर एक साधन तयार झालं. एक पाटी. तिच्यावर एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यासाठी. घटिका उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे नजर ठेवायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आधी लाल मण्याची पाळी आली की न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की पुरे.

खेळण्यासारखं दिसतं ना? १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेले आकडे ऐका. ज्या ५८ गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी न्यूमोनियावर उपचार केले, तिथे उपचार मिळालेल्या मुलांपैकी दगावली एक टक्क्याहूनही कमी. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होतं.

त्यानंतर नवजात बाळं. ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, जंतुदोष कसा ओळखायचा आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन कसं द्यायचं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरला. डिसेंबर १९९९ च्या लॅन्सेटने ते छापलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाला घरी जाऊन भेटण्याची शिफारस केली, आणि २०११ पासून हे काम देशभर आशा सेविकांच्या कामाचा भाग झालं. आज नंदुरबारची आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळंतिणीच्या दारात उभी राहते, त्या वेळापत्रकाचं मूळ आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे.

यातलं न्याय्य काय? कौशल्य गावात राहिलं. प्रकल्पाची मुदत संपली म्हणून आरोग्यदूत गाव सोडून जात नाही. एरवीची रीत आपण जाणतो: गावातल्यांनी नमुने गोळा करायचे, शहरातल्यांनी ते शीतपेटीत घालून पाठवायचे आणि अर्थ लावायचा सातासमुद्रापलीकडे. शोधनिबंधावर गावाजवळच्या माणसाचं नाव आलंच, तर शेवटी आभारांत.

पण कौतुकासोबत अवघड भागही मांडला पाहिजे. गावातल्या बाईच्या हातात इंजेक्शनची सुई द्यावी का, यावर डॉक्टर मंडळींनी आक्षेप घेतले होते. त्याला निकालांनी उत्तर दिलं. दुसरा सवाल मात्र अशा प्रत्येक अभ्यासाला लागू आहे. तुलनेतल्या गावांचं काय? एका बाजूला बाळं वाचत आहेत हे दिसत असताना दुसऱ्या बाजूने किती वर्षं थांबायचं? शास्त्र म्हणतं, तुलना नसेल तर पुरावा नाही. ते खरं आहे. म्हणूनच थांबणाऱ्या गावांना काय मिळेल, केव्हा मिळेल आणि त्याचा खर्च कोण उचलेल, हे पहिल्या दिवशीच कागदावर यायला हवं. भागीदारीचा करार झाला की वर्तमानपत्रात छायाचित्र येतं. हा कागद मात्र सहसा कोणी मागत नाही.

तिसरा प्रश्न होकाराचा. सिरोंच्याहून गोदावरी पुढे जाते ती भद्राचलमला. तिथल्या, तेव्हाच्या खम्मम जिल्ह्यात २००९ मध्ये पाथ या अमेरिकी संस्थेने, गेट्स प्रतिष्ठानच्या पैशातून आणि सरकारी यंत्रणेच्या साथीने, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला रोखणाऱ्या लशीचा प्रकल्प राबवला. हजारो मुलींना लस दिली. त्यांत आश्रमशाळा आणि वसतिगृहांतल्या आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. ते मृत्यू लशीमुळे झाले असं चौकशीत निघालं नाही, आणि लस उपयोगाची आहे याबद्दल वैद्यकशास्त्रात आज शंका नाही. मग बिघडलं काय? संमतीपत्रं बिघडली. संसदीय समितीने २०१३ मध्ये कठोर शब्दांत दाखवून दिलं की हजारो संमतीपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. चांगल्या लशीवरचा विश्वास वाईट पद्धतीने घालवला. त्याचं नुकसान कोणाला झालं? ज्या बायकांना हा कर्करोग होतो आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो, त्यांना.

संमती म्हणजे अंगठा नव्हे. मग काय? उत्तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावात सापडतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. मेंढ्यात ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. आणि त्याआधी अभ्यासगट बसतो. त्यात बाहेरचा जाणकारही येतो, पण तो माहिती देतो, निर्णय घेत नाही. या गावाने जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक वनखात्याकडून घेऊन ग्रामसभेच्या हाती दिलं. गावाबाहेर जाणाऱ्या बांबूच्या गाडीला परवाना देणार कोण? तर गाव.

आता हाच न्याय रक्ताच्या नमुन्यांना लावून पाहा. परदेशी भागीदार असलेल्या आरोग्य-संशोधनाला केंद्राच्या छाननी समितीची मान्यता लागते, संस्थेच्या नैतिकता समितीची लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समाजाला सामील करून घ्या असंही सांगतात. पण कागदावरचा समाज आणि गोंडी-माडियात बोलणारी ग्रामसभा यांत अंतर आहे. ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा. जंगलाच्या बांबूबद्दल ज्या ग्रामसभेला विचारावं लागतं, तिला तिच्याच माणसांच्या रक्ताबद्दल विचारायला नको? अर्थात ग्रामसभेचा होकार माणसाच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही. गाव हो म्हणालं तरी एखाद्या बाईला नको म्हणता आलं पाहिजे. दोन्ही हवेत.

चौथा प्रश्न: हाती लागलं ते कोणाकडे राहिलं? अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हावासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. ते त्यांना न विचारता मानसिक आजारांच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासात वापरलं गेलं. प्रकरण न्यायालयात गेलं. २०१० मध्ये विद्यापीठाने भरपाई दिली आणि उरलेले नमुने परत केले. इंडोनेशियाने तर २००७ मध्ये बर्ड फ्लूचे विषाणू देणंच थांबवलं. विषाणू आमचे, त्यावरून लस बनवणार तुम्ही, आणि ती आम्हालाच परवडणार नाही, हे कसं? त्या अडवणुकीतून २०११ चा जागतिक करार निघाला. नमुने देणाऱ्याने हात आखडला, तेव्हाच समोरचा बोलायला बसला.

आपल्याकडे हा प्रश्न सिकलसेलच्या रूपाने उभा आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच लॅन्सेटमध्ये केली होती. आज चंद्रपुरात रक्तातल्या अशा आनुवंशिक आजारांसाठी आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं केंद्र आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बरंच टिकून राहतं. ते टिकलं तर आजार सौम्य होतो, हे अरबस्तानातल्या आणि ओडिशातल्या रुग्णांवरच्या निरीक्षणांनी पक्कं व्हायला मदत झाली. (विदर्भातली मुलं तरीही पुष्कळ सोसतात, हे नागपूरच्या डॉक्टरांनी दाखवलं आहे, ओडिशाचा निष्कर्ष जसाच्या तसा इथे चालत नाही.) २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झालेली जनुकीय उपचारपद्धती, कॅसजेव्ही, हेच करते. शरीराला पुन्हा गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बनवायला लावते. मान्यतेच्या वेळी अमेरिकेतली किंमत होती एका रुग्णाला २२ लाख डॉलर. म्हणजे तेव्हाच्या दराने अठरा कोटी रुपयांच्या आसपास.

कोरचीच्या मुलाला अठरा कोटींची गरज आज नाही. त्याला हायड्रॉक्सियुरियाची गोळी महिन्याच्या महिन्याला मिळायला हवी, वेदनेच्या झटक्यात दारातून परत न पाठवणारा दवाखाना हवा, आणि वाहक असल्याचं कार्ड गळ्यात अडकून लग्न मोडू नये एवढी गुप्तता हवी. पण उद्या या भागातल्या नमुन्यांतून एखादी नवी गोष्ट सापडली, तर तिच्या औषधाची इथली किंमत काय असेल, हे आजच्या करारात लिहिलेलं असावं. हे अशक्य आहे का? आयव्हरमेक्टिन पाहा. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून सापडलेलं औषध. १९८७ पासून कंपनीने ते नदी-अंधत्वासाठी फुकट द्यायचं ठरवलं आणि पुढे हत्तीरोगाच्या मोहिमांतही ते आलं. औषध फुकट देता येतं. मात्र दान हे देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, करारावर सही दोघांची असते.

आणि भागीदार म्हणून आलेला पाहुणा केव्हा उठतो, हेही बघायचं. कुष्ठरोगाचं उदाहरण आपल्या अंगणातलं आहे. बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकात आले, शेजारच्या वर्धा जिल्ह्यापासून त्यांची सुरुवात झाली, औषधं जगभरात मोफत मिळू लागली. डिसेंबर २००५ अखेर देशाने निर्मूलन गाठलं. म्हणजे काय? दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, देशाची सरासरी धरून. चंद्रपूर-गडचिरोलीत नवे रुग्ण सापडतच राहिले. पण निर्मूलन झालं म्हटल्यावर स्वतंत्र यंत्रणा आटली, लक्ष दुसरीकडे गेलं. सरासरी दिल्लीची, आजार इथला. म्हणून काम केव्हा संपलं हे ठरवण्यात जिल्ह्याचा आवाज असायला हवा.

श्रोतेहो, थोडक्यात गोळा करू. प्रश्न गावाशी बोलून ठरावा. काम गावाच्या हातांनी व्हावं आणि कौशल्य गावात मुरावं. होकार आधी ग्रामसभेचा, मग प्रत्येक माणसाचा, आणि तो त्याच्या भाषेत. नमुने आणि आकडे कुठे आहेत, कोण वापरतं, हे जिल्ह्याला कळावं. औषध निघालं तर त्याची इथली किंमत आधी ठरावी. तुलनेतल्या गावांना काय मिळणार आणि काम केव्हा थांबणार, हे पहिल्या दिवशी लिहावं.

हे कोणी करायचं? चंद्रपूरला वैद्यकीय महाविद्यालय २०१५ पासून आहे. २०२४ मध्ये गडचिरोलीलाही मिळालं. गोंडवाना विद्यापीठ आहे. या संस्थांच्या नैतिकता समित्यांत एक सामान्य नागरिक सदस्य असावा लागतो. ती खुर्ची शहरातल्या निवृत्त अधिकाऱ्याला न देता कोरची, एटापल्ली किंवा जिवतीच्या ग्रामसभेने पाठवलेल्या बाईला देता येईल. तिच्या प्रवासाचा आणि बुडालेल्या रोजीचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात घालता येईल. बाहेरून प्रस्ताव येईल तेव्हा आज मांडलेले चार प्रश्न अर्जाला जोडता येतील, आणि उत्तर रिकामं असेल तर अर्ज परत करता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. समितीची पुढची बैठक पुरते.